ऐच्छिक कुलूप

परिपत्रकात लिहिलं होतं की गुणवत्ता मानांकन संपूर्णपणे ऐच्छिक आहे. त्याखालच्या ओळीत लिहिलं होतं की जिल्ह्यातल्या सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांनी ते ऐच्छिकपणे करून घ्यावं. आणि त्याच्याही खाली, जरा बारीक अक्षरात, ज्यांची इच्छा नसेल त्यांनी ती का नाही याचा लेखी खुलासा द्यावा.

सावळदऱ्याच्या केंद्राला इच्छा झाली ती तिसऱ्या ओळीवर आल्यावर.

डॉक्टर दीपक इंगळे यांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावून परिपत्रक वाचून दाखवलं आणि म्हणाले, "कुणावर जबरदस्ती नाही. आपण हे स्वखुशीनं करतोय." बोलताना त्यांचा फोन वाजला तसे ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि भिंतीकडे तोंड करून तीनदा "हो सर" म्हणाले.

नाजिश दाराशी उभी राहून ऐकत होती. ती इथली कंत्राटी सिस्टर. तिला आठवलं, निकाहाच्या दिवशी काझींनीही तिला असंच विचारलं होतं, कबूल आहे का. तेव्हा बाहेर बिर्याणीची डेग चुलीवरून उतरलेली होती. नौमान चांगला निघाला, ते नशीब. मानांकनाचं काय निघतं ते बघायचं होतं.

पहिले आठ दिवस मजेत गेले. केंद्राला रंग लागला. जिथं तिथं पाट्या लागल्या. बाकावर 'रुग्ण आसनव्यवस्था' आली, नळावर 'हात धुण्याची जागा' आली, आणि शिपाई शालिग्रामच्या स्टुलावर 'शिपाई' आलं. शालिग्राम त्या पाटीवर बसेना. म्हणाला, "आपल्याच नावावर कसं बसावं मानसानं?" मग तो दिवसभर उभा राहू लागला, आणि साहेबांना वाटलं मानांकनामुळं माणसं कामाला लागली.

नाजिशचं दुखणं वेगळंच होतं. ते आठ महिन्यांचं होतं आणि त्याचं नाव सफा.

एस.टी. थांब्याच्या मागं नौमानचं जळालेल्या मोटरी बांधून द्यायचं दुकान आणि त्याच्यामागं घर. रोज दुपारी सासू नजमुन्निसा सफाला कडेवर घेऊन केंद्रात यायची. वार्डाच्या टोकाला एक अडगळीची खोली होती. मोडकी खाट, पोलिओच्या जुन्या पताका, वजनकाट्याचा एक पाय, आणि कोपऱ्यात कुणीतरी सोडून गेलेली छत्री. नाजिश त्या खाटेच्या धडक्या बाजूला बसायची, ओढणी पुढं घ्यायची, आणि जगातला सगळा आवाज बंद व्हायचा. सफा प्यायची आणि पिता पिता एक हात आईच्या छातीवर थापटत राहायची, जशी काही आईलाच झोपवतेय. पंधरा मिनिटं. एवढ्यावर नाजिशचा उरलेला दिवस चालायचा.

ती खोली मानांकनाच्या नजरेत भरली.

स्तनपानासाठी वेगळी जागा असेल तर मार्क होते. चार दिवसांत अडगळ निघाली. भिंती गुलाबी झाल्या. दारावर 'हिरकणी कक्ष' असं वळणदार अक्षरात आलं, आणि आत जळगाव जामोदच्या पेंटरनं गडाचा कडा उतरणारी हिरकणी काढली. तो एरवी दुकानांच्या शटरवर कपाशीच्या बियाण्याच्या जाहिराती रंगवायचा, त्यामुळं हिरकणीच्या गडावरही टपोरी बोंडं फुटलेली दिसत होती. रुग्ण कल्याण समितीवरचे उकंडराव म्हणजे गावातले मोठे कास्तकार. त्यांनी सोफा दिला. सोफ्याला खाली झालर, वर प्लास्टिकचं आवरण, आणि पाठीवर 'सौजन्य : उकंडराव' हे नाव एवढं मोठं की बसणारीच्या दोन्ही कानांच्या बाजूनं दिसावं.

दुपारी नजमुन्निसा आली. नाजिशनं सफाला घेतलं आणि टोकाच्या खोलीकडं वळली. दाराला कुलूप होतं.

"साहेबांचा हुकूम हाये," शालिग्राम म्हणाला. किल्ली त्याच्या करदोट्याला बांधलेली होती. "एक माह्याजवळ, एक उकंडरावजवळ. सोफा त्यायचा हाये ना."

नाजिश डॉक्टरांकडं गेली. "साहेब, ते दूध पाजायचीच खोली हाये ना?"

"म्हणूनच जपायची, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. चार रात्री त्यांची झोप झालेली नव्हती आणि डोळे सफासारखेच रडवेले दिसत होते. "एकदा वापरली की डाग पडतात. पथक येऊन गेलं की बघू."

तेव्हापासून सफा कुठंही पिऊ लागली. एक दिवस लसीच्या फ्रीजमागं, एक दिवस रुग्णवाहिकेत. मग रुग्णवाहिकाही धुऊन ठेवली गेली. कधी नाजिश पाठमोरी होऊन जिन्याखाली बसायची, पण तिथं माणसांची ये-जा. सफा दर दोन घोटांनी मान वळवून कोण गेलं ते बघायची आणि मग रागानं चावायची. ती पोट भरून पीत नव्हती. संध्याकाळी नाजिशच्या छातीत दगड व्हायचे आणि घरी पोरगी किरकिरायची. बाटली तिनं जीभ बाहेर काढून परत केली होती.

नजमुन्निसा सगळं बघत होती. ती बोलली तेव्हा सफाशीच बोलली. "देख बेटा, तेरी अम्मी के दवाखान्यात भिंतीवरच्या बाईले लेकराची फिकर हाये. तिनं कडा उतरला. तुह्या अम्मीच्यानं कुलूप नाही उतरत."

"अम्मी, माही नौकरी कंत्राटाची हाये."

"आन् हिचं पोट? ते परमनंट हाये का?"

नाजिशचं कंत्राट पुढच्याच महिन्यात संपत होतं आणि नव्यावर सही डॉक्टरांची लागत होती.

पथकाचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी शालिग्रामला ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पाठवलं. "गावाला सांग, स्वच्छता ठेवा." शालिग्रामनं आपल्या परीनं सांगितलं. साऱ्या गावानं ऐकलं :

"उद्या सकाळी पथक येऊन राह्यलं हो. वरून येऊन राह्यलं. कोनाच्याबी घरात काही सापडलं नाही पाह्यजे. साफसफाई करून ठेवा."

आता, जेठाचे दिवस. पेरणी तोंडावर आलेली. अशा दिवसांत सावळदऱ्यात पथक म्हणजे एकच : कृषी खात्याचं भरारी पथक. ते येतं चोर बीटी पकडायला. म्हणजे डोंगरापलीकडून पोत्यांतून येणारं ते बिनबिलाचं, बिनपरवान्याचं कपाशीचं बियाणं, ज्याच्यावर तणनाशक मारलं तर तण मरतं आणि कपाशी उभी राहते. गावात ते कुणाकडंच नव्हतं आणि सगळ्यांच्या वावरात उगवत होतं. तेव्हा गावानं साफसफाई केली. सकाळी नाजिश कामावर निघाली तर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारांना कड्या होत्या, आणि लांब शेताच्या बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, निंबाखाली बायामाणसं शिदोऱ्या सोडून बसलेली दिसत होती.

सफाला तिनं घरीच ठेवलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "उद्या लेकरू नको, सिस्टर. कर्मचाऱ्याचं मूल दिसलं की शिस्त दिसत नाही." निघताना सफानं तिची ओढणी मुठीत धरली होती. एकेक बोट सोडवावं लागलं.

पथक म्हणजे पुण्याच्या एक मॅडम निघाल्या, आणि त्यांची गाडी. साधी सुती साडी, गळ्यात चष्मा. त्यांनी केरकुंडीच्या लाल, पिवळ्या, निळ्या डब्यांत डोकावून पाहिलं. 'हात धुण्याची जागा' वाचली आणि नळ फिरवून पाहिला. नळ फिरला, पाणी आलं नाही. मग त्या रिकाम्या 'रुग्ण आसनव्यवस्थे'समोर उभ्या राहिल्या.

"रुग्ण कुठे आहेत?"

"येऊन राह्यले, मॅडम," शालिग्राम म्हणाला.

"येऊन कुठे राहिले?"

"नाही, म्हंजे येऊन राह्यले."

"तेच विचारतेय. येऊन राहिलेत कुठे? वार्डात?"

शालिग्रामनं साहेबांकडं पाहिलं. डॉक्टरांनी घसा साफ केला. "मॅडम, आपल्या केंद्राच्या प्रतिबंधात्मक कामामुळे गावात आजारपणच कमी झालंय."

"सगळंच?"

"आज तरी सगळंच."

मॅडमनी चष्मा लावून त्यांच्याकडं पाहिलं आणि काढला. "बरं. हिरकणी कक्षात एखादी माता असेल तर मला तिच्याशी बोलायचंय. वापरात असलेली खोली बघायला मी आलेय, रंगवलेली नाही."

डॉक्टर तडक आत आले. नाजिश औषधांच्या कपाटाशी उभी होती. "सिस्टर, अप्रन काढा. पंधरा मिनिटं लाभार्थी व्हायचंय. सफाला बोलवा."

"साहेब, लेकरू आनू नका म्हनले तुमीच."

"कर्मचाऱ्याचं नको म्हटलं होतं. लाभार्थ्याचं चालतं."

बोलवायची गरज पडली नाही. फाटकातून सफाचा आवाज आला, आणि त्याच्यामागून नजमुन्निसा. पोरीनं सकाळची खिचडी थुंकली होती, नौमाननं खांद्यावर घेऊन साऱ्या दुकानभर फिरवली होती, आणि आता ती रडून रडून नुसती हुंदके देत होती. नजमुन्निसानं तिला नाजिशच्या हातांत दिलं आणि आपली पिशवी तिच्या खांद्याला अडकवली. "तुमचं पथक जेवलं का? मंग हिलेबी जेऊ दे."

शालिग्रामनं करदोट्यावरची किल्ली काढली. कुलूप उघडून तसंच कडीला अडकवलं.

दार लोटलं आणि आत त्या दोघीच राहिल्या. गुलाबी भिंती, पंखा, हिरकणी. नाजिश सोफ्यावर बसली तर प्लास्टिक कुरकुरलं आणि सफा दचकली. तिनं एका हातानं ते आवरण टराटरा ओढून काढलं. उकंडरावांच्या नावाला पाठ टेकली, ओढणी पुढं घेतली. सफानं आधी दोनदा अविश्वासानं सोडलं, मान वळवून पाहिलं. कुणी गेलं नाही. मग ती डोळे मिटून अशी लागली की घोटांचा आवाज पंख्यावरून ऐकू यावा. थोड्या वेळानं तो हात आला. छातीवर, थप, थप. दुसऱ्या बाजूनं आपोआप दूध सुटलं आणि नव्या कापडावर सांडलं. नाजिशनं ते पुसलं नाही. तिला डुलकी येत होती, आणि एवढं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पोट भरल्यावर सफा हसली. नाजिशनं तिला खाली सतरंजीवर सोडलं आणि कपडे सारखे करू लागली. पोरगी रांगत झालरीपाशी गेली, झालर वर करून आत डोकावली, आतलं काहीतरी ओढलं. कागद फाटल्यासारखा आवाज आला.

नाजिशनं मान वळवली तेव्हा सतरंजीवर लालगुलाबी दाणे सांडलेले होते. बडीशेपेच्या गोळ्यांसारखे दिसत होते. सफाची मूठ भरलेली होती आणि ती मूठ तोंडाकडं निघाली होती.

तिला पुढचं काही आठवत नाही, फक्त एवढंच की पोरीचं मनगट तिच्या हातात होतं आणि तिचं बोट पोरीच्या तोंडात फिरत होतं. जिभेखाली, गालात, टाळूला. काही नव्हतं. पुन्हा फिरवलं. काही नव्हतं. मग तिनं ती मूठ उघडली. ओल्या तळहातावर रंग उतरला होता. कपाशीचं बियाणं, विषाचा लेप दिलेलं. गेल्या हंगामात फवारणीचं विष बाधलेली माणसं तिनंच या वार्डात धुऊन काढली होती. खोलीत 'हात धुण्याची जागा' होती, पण नळ इथंही कोरडाच. नजमुन्निसानं पिशवीत ठेवलेल्या बाटलीचं सगळं पाणी तिनं त्या हातावर ओतलं, साबण लावला, पुन्हा ओतलं. सफा खेळ समजून खिदळत होती.

"सिस्टर."

खिडकीच्या गजांपलीकडं उकंडराव होते. डोक्यावरचं उपरणं नाकापर्यंत ओढलेलं. "सिस्टर, आवाज नका करू. ते पाकिटं माही हायेत. पथक बाहीर हाये ना?"

नाजिशनं सफाला उचलून कडेवर घेतलं. "काका, ते पथक आमचं हाये. दवाखान्याचं."

"म्हंजे बियान्याचं नाही?"

"नाही."

उकंडरावांनी उपरणं नाकावरून खाली घेतलं. "मंग सारं गाव धुऱ्यावर काऊन बसलं?"

"तुमीच तं समितीवर हायेत, काका. तुमाले मालूम नाही?"

"डाक्टर म्हने क्वालिटीवाले येतीन. पथक येते असं नाही म्हनला तो." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "मी म्हनलं, सरकारी खोलीत सरकार पाह्यत नाही. आन् ही खोली तं कोनी उघडतच नाही."

"दूध पाजायची खोली हाये हे."

"मले वाटलं फोटो काढाची हाये."

नाजिशनं सफाचा हात वर करून गजांशी धरला. तळहातावरचा गुलाबी डाग अजून गेला नव्हता. "हे पाहा. तोंडात चाललं होतं."

उकंडरावांनी पाहिलं. ते हात जोडायला लागले, मग जोडले नाहीत, नुसतेच गज धरून उभे राहिले. "काय करावं, बाई. तन निंदाले मजूर भेटत नाही. बिलाचं आनलं तं मांगच्या साली अळीनं सारी बोंडं पोखरली. हे चोरीचं आनलं, तं खोटं निंघालं तरी कोनापाशी रडावं? पन लेकराच्या तोंडात..."

"तुमच्या सुनेचा, काजल वहिनीचा पोरगा रांगते ना आता?"

"रांगते."

"घरी कुठं असतात हे पाकिटं?"

उकंडराव खाली बघत म्हणाले, "बाजेखाली."

नाजिशनं सांडलेले दाणे गोळा केले, सगळी पाकिटं झालरीखालून काढली आणि एकेक करून गजांतून बाहेर दिली. मग दाराशी गेली. कडीला अडकलेलं कुलूप काढलं आणि तेही गजांतून दिलं.

"हे कोठीले लावा. किल्ली तुमच्याजवळ हायेच. घरी जाऊन आधी हात धुवा, साबनीनं. आन् आमचं काय हाये ते इथं उघडंच राहू द्या."

उकंडराव गेले. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि मॅडम आत आल्या, मागं डॉक्टर. मॅडमनी हिरकणीकडं पाहिलं, तिच्या गडावरच्या बोंडांकडं जरा जास्त वेळ पाहिलं, मग नाजिशसमोर बसल्या.

"इथल्याच का तुम्ही?"

"हो मॅडम. इथल्याच."

मॅडमची नजर खाली गेली. नाजिशच्या पायात सिस्टरचे पांढरे बूट होते. "लाभार्थ्यांना बूटही मिळतात वाटतं इथे," त्या म्हणाल्या. डॉक्टर खोकले. "असू दे. मला एकच सांगा. ही खोली रोज उघडी असते का?"

मॅडमच्या खांद्यामागं डॉक्टर मान हलवत होते. वरून खाली, हळू, सफाला औषध पाजताना हलवतात तशी. नाजिशनं त्या मानेकडं पाहिलं. त्या मानेवर तिचं कंत्राट होतं. मग तिनं मांडीवरच्या गुलाबी तळव्याकडं पाहिलं.

"आजवर ऐच्छिक होती, मॅडम," ती म्हणाली. "आजपासून उघडी हाये."

डॉक्टरांची मान मधेच थांबली. मॅडम उठून दाराशी गेल्या, कडी हलवून पाहिली. "कुलूप नाही?"

"नाही," नाजिश म्हणाली. डॉक्टरांनी कडीकडं पाहिलं, मग शालिग्रामकडं. शालिग्रामनं करदोटा चाचपला.

"बरोबर. नसायलाच पाहिजे." मॅडम परत फिरल्या आणि सोफ्यावरच्या ओल्या डागावर बोट ठेवलं. "सकाळपासून या केंद्रात मला वापरलेली वाटलेली ही पहिली वस्तू." सफानं त्यांचं बोट धरलं. मॅडमनी ते बराच वेळ सोडवलं नाही.

महिनाभरानं निकाल आला. सावळदऱ्याला मानांकन मिळालं, काठावर. नळाचे मार्क गेले, रुग्णांचे गेले, पण हिरकणी कक्षाला पूर्ण मिळाले. शेऱ्यात लिहिलं होतं : कक्ष प्रत्यक्ष वापरात, सोफ्यावर दुधाचा डाग आढळला. डॉक्टर दीपक यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग नाजिशच्या कंत्राटावर सही केली आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "तुमच्यामुळे झालं, सिस्टर." माणूस वाईट नव्हताच.

मग त्यांना काहीतरी सुचलं. "शालिग्राम, दरवर्षी फेरतपासणी असते. तो डाग कुणी पुसायचा नाही. प्लास्टिक परत घाल. आणि खोलीला कुलूप लाव."

शालिग्राम व्हरांड्यातून टोकाच्या खोलीपर्यंत गेला. आत नाजिश होती आणि सफा, शिवाय एरवी झाडाखाली गाडीची वाट बघत थांबली असती अशी एक ओली बाळंतीण, आणि उकंडरावांची सून काजल, तिच्या रांगत्या पोराला घेऊन. सोफ्यावर आता एवढे डाग होते की साहेबांचा कोणता, ते कुणाला सांगता आलं नसतं. पंखा फिरत होता. शालिग्रामनं दार हळूच लोटलं आणि परत आला.

"लावलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

शालिग्रामनं करदोट्याची किल्ली वर करून दाखवली.

"किल्ली माह्याजवळच हाये, साहेब," तो म्हणाला, आणि आपल्या नावाच्या स्टुलावर पहिल्यांदाच बसला.